मानेला गाठ आली तर: आधी तिचं नाव शोधा, मग औषध

सोलापुरात मानेच्या गाठीवर औषध सांगणाऱ्यांची कमी नाही. एक जण बिब्बा घाल म्हणतो, दुसरी चुना-गूळ लाव म्हणते, मेडिकलवाला पाच दिवसांच्या गोळ्यांची पट्टी कापून देतो आणि ओळखीतलं कुणीतरी ‘आमच्या मेव्हणीलाही होती, आपोआप गेली’ असं सांगून मोकळं होतं. यात चार-सहा महिने सहज निघून जातात. मग माणूस सुईच्या तपासणीचा कागद घेऊन आमच्याकडे येतो. गाठ तिथेच असते, वर बिब्बा उतून सोललेली कातडी.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टरांनी गाठीतून काढलेलं मटेरियल काचेवर पसरवायचं, रंगवायचं आणि पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं, हे माझं काम. त्यामुळे इथे मी तुमचं निदान करणार नाही. निदान कोणत्या क्रमानं होतं, कुठे अडतं आणि तुम्ही काय विचारायला हवं, एवढं सांगते.

मानेतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, चाळिशीच्या आतल्या माणसांत तर कॅन्सरच्या आणखीच कमी निघतात. पण ‘साधी गाठ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. साधी म्हणजे कसली? दाढ किडल्यामुळे आलेली, टीबीची, थायरॉइडची, चरबीची, की जन्मापासून आत राहून गेलेल्या पिशवीची? प्रत्येकीचा इलाज निराळा आहे. चरबीच्या गाठीला काहीच करायचं नसतं, टीबीच्या गाठीला सहा महिने औषध लागतं, आणि लाळग्रंथीतली एक गाठ कॅन्सरची नसूनही काढावीच लागते.

वाट न पाहण्याच्या गोष्टी

श्वास घ्यायला त्रास, स्वतःची लाळही गिळता न येणं, तापासोबत जबड्याखाली घट्ट आणि झपाट्यानं वाढणारी सूज, तोंड उघडेनासं होणं: यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका, थेट कॅज्युअल्टीला जा. किडलेल्या दाढेचा पू मानेत उतरला की काही तासांत श्वासनलिका दाबली जाऊ शकते.

दुसरा गट तासांचा नाही, पण त्याच आठवड्यात दाखवण्याचा. गाठ कडक आहे, दुखत नाही आणि बोटानं हलवली तर हलत नाही. गाठ गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त दिवस बसलेला आहे. घास अडकतो. एकाच कानात ठणका लागतो, पण कान तपासला तर कानात काहीच नाही. तोंडातला व्रण भरत नाही. वजन उतरतंय, रात्री घामानं अंथरूण भिजतंय. त्यातून तुम्ही चाळिशी ओलांडलेली असेल आणि मिश्री, मावा, गुटखा, विडी यांपैकी काही चालू असेल, तर गाठीच्या आधी तोंड आणि घसा तपासून घ्यायला हवा. तोंडाच्या कॅन्सरची पहिली खूण कधीकधी मानेतच दिसते. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 साली बार्शीतच सुरू झाली. म्हणजे त्या तपासणीसाठी मुंबईचं तिकीट काढायची गरज नाही.

दुखण्याबद्दल लोकांचा हिशेब नेमका उलटा असतो. दुखणारी गाठ घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो, न दुखणारी वर्षभर पदराखाली राहते. दुखणारी गाठ बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची निघते. न दुखणारी, कडक आणि वाढणारी गाठ मात्र लवकर दाखवावी.

आरशासमोर पाच मिनिटं

चांगल्या उजेडात, गळा मोकळा ठेवून आरशासमोर बसा. हाताशी पाण्याचा ग्लास असू द्या.

गाठ मानेच्या पुढे मधोमध किंवा मध्याला लागून असेल तर पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना तिच्याकडे बघा. घोटाबरोबर गाठ वर सरकून खाली आली तर ती बहुधा थायरॉइडची आहे. नंतर तोंड उघडं ठेवून जीभ जितकी जाईल तितकी बाहेर काढा. जिभेबरोबरही गाठ वर ओढली गेली तर थायरोग्लॉसल सिस्ट असण्याची शक्यता जास्त. गर्भात थायरॉइड जिभेच्या मुळापासून खाली उतरते. तिची वाट बंद व्हायची राहिली की तिथे ही पिशवी तयार होते. ती लहान मुलांत जास्त दिसते, पण मोठ्यांतही सापडते.

जबड्याच्या हाडाखाली गाठ असेल तर एक गोष्ट आठवून बघा: जेवताना ती फुगते का? आंबट किंवा झणझणीत घास तोंडात गेला की टणटणीत होते आणि तासा-दोन तासांनी उतरते, असं असेल तर लाळेच्या नळीत खडा अडकलेला असू शकतो. खडे बहुतेक वेळा जबड्याखालच्याच ग्रंथीत होतात. पाणी कमी पिणाऱ्यांना हा त्रास जास्त, आणि आपला मे महिना कसा असतो ते सांगायला नको. जेवणाशी काही संबंध नसेल तर जबड्याखालची गाठ लसिकाग्रंथीची (लिम्फ नोड, म्हणजे संसर्गाशी लढणारी बारीक ग्रंथी), आणि तिचं मूळ बरेचदा खालच्या दाढेत.

कानाच्या पाळीच्या खाली आणि पुढे असलेली, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी टणक गाठ पॅरोटिड या लाळग्रंथीतली असते. मानेच्या बाजूला, कानाखालून छातीकडे उतरणाऱ्या जाड स्नायूच्या कडेनं हाताला लागतात त्या मुख्यतः लसिकाग्रंथी. टीबीच्या गाठी इथेच जास्त: आधी एक, मग शेजारी दुसरी, मग दोन्ही एकमेकींना चिकटतात. विशी-तिशीतल्या माणसाला याच कडेला वरच्या भागात एकच मऊ, फुगीर गाठ असेल आणि सर्दी झाली की ती वाढत असेल, तर ब्रँकियल सिस्टचा विचार होतो. मानेच्या मागे केसांच्या कडेला बारीक गाठी असतील तर डोकं बघा: उवा, कोंडा, गळू. शाळकरी मुलींच्या बाबतीत तर आधी फणी, मग डॉक्टर.

गाठीखाली नाडीसारखी धडधड जाणवत असेल तर ती दाबू नका आणि डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. अशा गाठीत सुई घालण्याआधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) किंवा सीटी करावा लागतो. दोन्ही बाजूंच्या मानेच्या नाड्या एकदम दाबायच्या नाहीत, हेही लक्षात असू द्या. चक्कर येऊन पडाल.

काही जण स्वतःचंच हाड घेऊन येतात. हनुवटीखाली, घाटीच्या वर हायॉइड नावाचं हाड असतं आणि त्याची टोकं दोन्ही बाजूंना हाताला लागतात. बारीक माणसाला जबड्याखालची लाळग्रंथीही लागते. दोन्ही बाजूंना सारखंच लागत असेल तर बहुधा ते तुमचंच सामान आहे.

आता गाठीशेजारी पट्टी धरून मोबाईलवर एक फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. ‘लिंबाएवढी होती, आता सुपारीएवढी आहे’ यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. लिंबंही लहान-मोठी असतात. आणि मग हात लावणं बंद. दिवसातून दहादा चाचपलेली गाठ चाचपण्यानंच सुजते.

दोन आठवड्यांचा नियम

घसा दुखणं, सर्दी, दाढदुखी, डोक्यातलं गळू असं उघड कारण असेल, वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर त्या कारणाचा इलाज करून दोन आठवडे थांबायला हरकत नाही. मांडीला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तसाच हा प्रकार. गाठ कमी होऊ लागली की ठीक. पूर्ण जिरायला चार-सहा आठवडेही लागतात. लहान मुलांच्या मानेत एक सेंटिमीटरपर्यंतच्या, मऊ, हलणाऱ्या ग्रंथी अधूनमधून लागतच असतात. मूल खेळतंय, खातंय, वजन वाढतंय, तर त्यांच्यामागे लागू नका.

दोन आठवड्यांत गाठ कमी व्हायला लागली नाही, किंवा कारणच सापडत नाही, तर डॉक्टर.

या काळात दोन गोष्टी करू नका. पहिली, ‘सूज उतरायची’ म्हणून स्टेरॉइडची गोळी. लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) असेल तर त्या गोळीनं गाठ काही दिवस विरघळल्यासारखी होते आणि नंतर तपासणीत खरं चित्र दिसत नाही. टीबी असेल तर तो बळावतो. दुसरी, स्वतःच्या मनानं अँटिबायोटिकचे कोर्स. त्यातही लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतात, बरं करत नाहीत. रुग्णाला आठ दिवस बरं वाटतं आणि निदान दोन महिने पुढे जातं. ताप, लाली, दुखणं असं संसर्गाचं चित्र असेल तर डॉक्टर एक कोर्स देतील, तो पूर्ण करा. पण त्यानं फरक पडला नाही म्हणून दुसरा, मग तिसरा, असं सुरू झालं तर सरळ विचारा: ‘डॉक्टर, सुईची तपासणी कधी करायची?’

बिब्बा, डाग देणं, लेप यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आजीच्या मायेबद्दल शंका नाही, पण भाजलेल्या कातडीतून सुई घालता येत नाही. ती बरी होईपर्यंत पुन्हा थांबावं लागतं.

कुणाकडे जायचं

सुरुवात घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालेल. पुढची पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञ, कारण मानेची गाठ म्हणजे तोंड, जीभ, टॉन्सिल, नाकामागचा भाग आणि स्वरयंत्र हे सगळं बघणं आलं. दुर्बिणीनं घसा न बघताच मानेची गाठ कापून काढायला कुणी सांगितलं, तर दुसरं मत घ्या. गाठ वरची आणि मूळ आत, असं असेल तर मानेवर आधीच घातलेला छेद पुढच्या ऑपरेशनला अडचण करतो.

खाजगीतला खर्च झेपत नसेल तर आपलं सिव्हिल आहे: छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं असल्यानं कान-नाक-घसा, सर्जरी, मेडिसिन, पॅथॉलॉजी हे सगळे विभाग एकाच आवारात मिळतात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. विजापूर, कलबुर्गी, धाराशिवकडचे रुग्णही सोलापुरातच येतात, त्यामुळे गर्दी धरूनच चला. पूर्व भागातल्या किंवा विडी घरकुलातल्या आजींना तेलुगूच नीट बोलता येतं, अक्कलकोटकडच्यांना कन्नड; सोबत दुभाषा म्हणून घरचं कुणीतरी न्या. ‘किती दिवसांपासून’ आणि ‘ताप येतो का’ या दोन प्रश्नांची उत्तरं चुकली की सगळी तपासणी भलत्या दिशेला जाते.

बरोबर न्यायचं: फोटो, आधीचे रिपोर्ट, घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं (नाव आठवत नसतं, म्हणून), आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तिची चिठ्ठी. घरात कुणाला टीबी होऊन गेलाय का, तेही सांगा. तंबाखूबद्दल खोटं बोलू नका. डॉक्टर ओरडतील, पण चूक वाटेनं जाणार नाहीत.

सोनोग्राफी आणि रक्त

मानेची सोनोग्राफी ही बहुतेक वेळा पहिली तपासणी. उपाशी राहावं लागत नाही, किरणोत्सर्ग नाही. गाठ थायरॉइडमध्ये आहे की बाहेर, पाण्याची आहे की भरीव, एक आहे की अनेक, हे तिच्यात कळतं. रिपोर्टात ‘फॅटी हायलम प्रिझर्व्हड’ असं लिहिलेलं असेल तर ती लसिकाग्रंथी मूळ घडण राखून आहे, म्हणजे दिलाशाची गोष्ट. थायरॉइडच्या गाठीला ‘टायरॅड्स’चा आकडा देतात. तो जितका वरचा तितकी सुईची गरज जास्त. गाठीचा आकारही त्यात धरतात.

रक्तात सीबीसी आणि ईएसआर, थायरॉइडची शंका असेल तर टीएसएच, आणि गरजेप्रमाणे साखर व एचआयव्ही. लसिकाग्रंथी वाढलेल्या असतील तर छातीचा एक्स-रे. ईएसआर वाढलेला दिसला म्हणजे टीबी, असं काही नसतं. तो साध्या संसर्गातही वाढतो. त्या एका आकड्यावर सहा महिन्यांची औषधं सुरू करायची नसतात.

सुईची तपासणी

लोक हिलाच सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून इथे थोडं थांबते.

एफएनएसी म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढून घेणं. ही सुई साधारणपणे रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक असते. भूल बहुतेक वेळा लागत नाही, उपाशी राहायचं नसतं, दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकतं. रुग्णाला आडवं झोपवून खांद्याखाली उशी देतात म्हणजे मान ताणली जाते. डॉक्टर एका हाताच्या दोन बोटांत गाठ पकडतात, स्पिरिटनं पुसतात, सुई आत घालून मागे-पुढे करतात. त्या वेळी गिळायचं नाही, बोलायचं नाही, एवढंच तुमचं काम. नंतर पाच मिनिटं कापूस दाबून धरायचा. थोडं दुखेल, कधी निळसर डाग पडेल.

‘सुई टोचली की गाठ पसरते, कॅन्सर होतो’ हे वाक्य मी सोलापुरातल्या तिन्ही भाषांत ऐकलेलं आहे. साध्या गाठीचा सुईनं कॅन्सर होत नाही. बारीक सुईनं मानेतल्या गाठीचा रोग पसरण्याचा प्रकार इतका विरळा आहे की त्यापायी तपासणी टाळणं म्हणजे रोगाला मोकळं रान देणं.

सुईतलं मटेरियल काचेवर आलं की डोळ्यांनाच काही गोष्टी कळतात. थायरॉइडच्या साध्या गाठीतून मधाच्या रंगाचा चिकट कोलॉइड येतो. चरबीच्या गाठीचे तेलकट थेंब काचेवर किती वेळ ठेवले तरी वाळत नाहीत. कातडीखालच्या एपिडर्मॉइड सिस्टमधून पांढरा, दाणेदार, उग्र वासाचा ऐवज निघतो. खोलीत दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. ब्रँकियल सिस्टचं पिवळसर गढूळ पाणी काच उजेडात तिरकी धरली तर कधी चमचम करतं, ते कोलेस्टेरॉलचे स्फटिक. टीबीच्या गाठीतून पनीर कुस्करल्यासारखा घट्ट पांढरा ऐवज किंवा पू येतो. अर्थात हा नुसता अंदाज. काही काचा वाळवून, काही अल्कोहोलमध्ये बुडवून, वेगवेगळ्या रंगांत रंगवल्यावर पॅथॉलॉजिस्ट पेशी बघतात. टीबीच्या जंतूसाठी झेडएन हा निराळा रंग असतो.

एक विनंती मात्र आधीच करून ठेवा. टीबीची शंका असेल तर त्याच सुईतलं थोडं मटेरियल सीबीनॅट किंवा ट्रूनॅटसाठी बाजूला काढायला सांगा. यंत्रावर तास-दोन तासांत टीबीचा जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का, हे कळतं. हे आधी सांगितलं नाही तर सगळं मटेरियल काचांवर संपतं आणि पुन्हा टोचून घ्यावं लागतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

‘रिॲक्टिव्ह लिम्फॅडेनायटिस’: ग्रंथी कशाला तरी तोंड देतेय. कारण शोधा: दात, टॉन्सिल, डोकं. पण ‘रिॲक्टिव्ह’ लिहिलं म्हणून प्रकरण मिटलं असं नाही. गाठ वाढतच राहिली, किंवा चार-सहा आठवड्यांनंतरही तशीच असली, तर पूर्ण ग्रंथी काढून बायोप्सी करतात. लिम्फोमाचे काही प्रकार सुईला चकवतात.

‘ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस’: आपल्याकडे याचा अर्थ बहुतेक वेळा टीबी, सोबत ‘केसिएशन’ (पनीरसारखा मेलेल्या पेशींचा ऐवज) असेल तर जास्तच. तरी सार्कॉइडसारखे दुसरे आजारही असं चित्र देतात, म्हणून सीबीनॅटचा पुरावा हवा. आणि सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाहीच, असंही नाही. मानेच्या गाठीत जंतू थोडे असतात.

थायरॉइडच्या रिपोर्टात ‘बेथेस्डा’ 1 ते 6 असा आकडा असतो. 2 म्हणजे साधी. 1 म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, पुन्हा सुई, शक्यतो सोनोग्राफीत बघून. हा लॅबचा किंवा तुमचा दोष नव्हे. पाण्यानं भरलेल्या गाठीत असं होतं. 4 मध्ये ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ लिहिलेलं असतं. तिथे साधी की कॅन्सरची हे सुईला सांगताच येत नाही, कारण ते गाठीच्या आवरणावर ठरतं. म्हणून तो अर्धा भाग बहुधा काढूनच तपासावा लागतो.

चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेत पाण्याची गाठ निघाली आणि रिपोर्टात ‘सिस्ट’ एवढंच आलं, तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. घशातल्या कॅन्सरची ग्रंथी आतून पाणी होऊन अशीच दिसू शकते.

नाव कळलं, आता इलाज

टीबीची गाठ. आधी एक समजूत काढून टाका: नुसत्या मानेच्या गाठीचा टीबी घरच्यांना लागत नाही. छातीचा एक्स-रे करतात तो फुप्फुसातही आहे का हे बघायला. तिथे असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे सुनेचं ताट-वाटी वेगळं करणं, तिला माहेरी धाडणं, हे प्रकार कृपा करून बंद करा. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. सरकारी केंद्रात ती फुकट मिळतात. खाजगी डॉक्टरांकडे उपचार घेतले तरी नाव ‘निक्षय’ या टीबीच्या सरकारी नोंदणीत नोंदवलं जातं आणि उपचार चालू असेपर्यंत खात्यात पोषणाचे पैसे येतात, 2018 पासून महिना 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. टीबीची हेल्पलाइन 1800-11-6666.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी नारिंगी होते, ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरायचं नाही. उलट्या, भूक मरणं, डोळे पिवळे होणं किंवा दिसायला अंधूक होणं हे मात्र त्याच दिवशी कळवा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण रिफाम्पिसिननं त्यांचा असर कमी होतो. आणि सगळ्यात गोंधळाची गोष्ट: उपचार चालू असताना गाठ आधी वाढू शकते, नवी गाठ येऊ शकते, आतून पू होऊ शकतो. लोक इथेच गोळ्या सोडतात. जंतू मरत असताना शरीर जे उत्तर देतं त्याचा हा भाग असतो, बहुतेक वेळा गोळ्या बदलाव्या लागत नाहीत. पण डॉक्टरांना दाखवा, कारण औषधाला न जुमानणारा टीबीही तपासावा लागतो. पू झाला तर जाड सुईनं ओढून काढतात. गळू समजून चीर दिली तर ती जागा महिनोन्महिने वाहत राहते. सहा महिन्यांनंतर बारीक, टणक गाठ उरली तर तो व्रण असू शकतो. तेवढ्यावरून कोर्स लांबवत नाहीत.

थायरॉइडची गाठ. शंभरातल्या नव्वदहून अधिक साध्या असतात. बेथेस्डा 2, टीएसएच नॉर्मल, गिळायला-श्वासाला त्रास नाही, तर काही करायचं नसतं. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी. टीएसएच नॉर्मल असताना ‘गाठ विरघळायला’ थायरॉक्सिनची गोळी देण्याची पद्धत आता मागे पडली आहे; तिनं फार फरक पडत नाही आणि हृदयाला व हाडांना त्रास होतो. टीएसएच कमी असेल तर गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवतेय का हे बघायला थायरॉइड स्कॅन करतात. ऑपरेशन लागतं ते गाठ मोठी होऊन श्वासनलिका दाबत असेल, संशय असेल, किंवा ती फारच दिसत असेल आणि तुम्हालाच नको असेल तेव्हा. ऑपरेशनच्या आधी दोन गोष्टी विचारा: आवाजाच्या नसेला धक्का लागण्याची आणि नंतर कॅल्शियम उतरण्याची शक्यता किती. अर्धी ग्रंथी काढली तर अनेकांना गोळी लागत नाही, पूर्ण काढली तर जन्मभर लागते.

थायरोग्लॉसल सिस्टला एकच पक्का उपाय, सिस्ट्रंक ऑपरेशन: पिशवीबरोबर हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि वरची वाट काढतात. नुसती पिशवी काढली तर ती परत येते. आधी सोनोग्राफीत खरी थायरॉइड जागेवर आहे ना, हे बघून घेतात. क्वचित त्या पिशवीतच सगळी थायरॉइड असते. ब्रँकियल सिस्टही पूर्ण काढावी लागते, पण संसर्ग झालेला असताना नाही. आधी सूज शांत, मग ऑपरेशन.

लाळेचा खडा लहान असेल तर भरपूर पाणी, शेक, ग्रंथीवरून नळीच्या दिशेनं हलका मसाज आणि चघळायला आंबट काहीतरी, एवढ्यानं कधी निघून जातो. ताप आणि पू असेल तर घरगुती उपाय थांबवा. पॅरोटिडमधली प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा कॅन्सर नाही, पण ठेवायची नसते. वर्षानुवर्षं ठेवली तर तिचा कॅन्सर होऊ शकतो. ती भोवतालच्या ग्रंथीच्या भागासकट काढतात. चेहऱ्याची नस त्यातूनच जाते, म्हणून हे काम सराव असलेल्या सर्जनकडेच.

चरबीची गाठ: दुखत नाही, वाढत नाही, तर सोडून द्या. एपिडर्मॉइड सिस्ट पिळायची नाही. पिशवी आत राहिली की ती पुन्हा भरते. लाल, दुखरी झाली असेल तर आधी ती शांत करून नंतर पिशवीसकट काढतात.

ऑपरेशन ठरलं तर

पिवळं-केशरी रेशनकार्ड असो वा पांढरं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण प्रत्येक छोटी गाठ तिच्यात बसत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. दाखल व्हायच्या आधी, आधार आणि रेशनकार्ड दाखवून, तुमचं ऑपरेशन यादीत आहे का ते त्याच्याकडूनच विचारून घ्या. आधी पैसे भरून मग योजनेत बसवून घेणं फार अवघड जातं. साधी, न वाढणारी गाठ असेल तर तारीख पुढे-मागे केली तरी चालते. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकून या, असं डॉक्टरही म्हणतात. बेथेस्डा 5 किंवा 6 (कॅन्सरचा दाट संशय किंवा कॅन्सरच) आला असेल तर जत्रेचं कारण सांगू नका.

काढलेली गाठ, ती कितीही साधी वाटली तरी, तपासणीला गेलीच पाहिजे. लसिकाग्रंथी काढणार असतील तर ऑपरेशनच्या आधीच सर्जनना सांगा की एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि एक साध्या सलाइनमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून टीबीचा जंतू वाढवता येत नाही. डबीवर नाव, वय, बाजू (उजवी की डावी) आणि तारीख लिहिलेली आहे का, ते नातेवाइकांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. डबी तुमच्याच हातात देऊन लॅबकडे पाठवलं तर ती त्याच दिवशी पोहोचवा, घरी फ्रिजवर ठेवू नका. रिपोर्टला काही दिवस लागतात. तो आल्यावर मूळ कागद फाइलमध्ये, फोटो मोबाईलमध्ये. दुसरं मत घ्यायला बार्शी, पुणे किंवा मुंबईला जायचं ठरलं तर नुसता कागद पुरत नाही. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो) मागून घ्या. अर्ज दिला की ते मिळतात, आणि ब्लॉक परत आणून द्यायचा असतो.